सेवेचा हिशेब कोणाला?

1979 साली नगर जिल्ह्यातल्या जामखेडच्या रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी, इस्रायलच्या लष्करी अमलाखालच्या वेस्ट बँकमध्ये मुस्तफा बरघुती आणि त्यांच्या पिढीच्या काही तरुण डॉक्टरांनी पॅलेस्टिनी वैद्यकीय मदत समित्या सुरू केल्या. आदल्याच वर्षी अल्मा-आटा येथे जगातल्या सरकारांनी सन 2000 पर्यंत सर्वांना आरोग्य मिळेल असे वचन दिले होते. सरकारांनी ते पाळले नाही. आपापल्या मुलखापुरता त्याचा काही भाग ज्यांनी खरा करून दाखवला, त्यांत या दोन्ही कामांचे नाव घ्यावे लागते.

हा लेख मी आदिलाबाद जिल्ह्यातला जैनथचा भाग डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. तेलंगणाच्या उत्तर टोकाचा हा मुलूख. पेनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. घरात मराठी, कचेरीत तेलुगू, गोंडांच्या आणि कोलामांच्या गुड्यांत, म्हणजे वस्त्यांत, गोंडी आणि कोलामी. इकडेही संस्था येतात. नेत्रतपासणी होते, औषधे वाटली जातात, एखाद्या कंपनीच्या नावाचा फलक लागतो, फोटो निघतात. आलेल्या माणसांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण त्यांच्याकडून आपण काय मागावे, हे आपण कधी नीट ठरवलेले नाही. पॅलेस्टाईनकडे पाहायचे ते याच प्रश्नासाठी. संस्थांची परीक्षा तिथे पुरेपूर झाली आहे. आधी स्वतःचे सरकार नसताना, मग अर्धेमुर्धे सरकार आल्यावर, आणि शेवटी बॉम्बखाली.

1967 मध्ये इस्रायलने ताबा घेतल्यानंतर वेस्ट बँक आणि गाझामधला सरकारी दवाखाना लष्करी प्रशासनाच्या हाती होता. नव्या दवाखान्याला परवानगी द्यायची की नाही, किती पैसा खर्च करायचा, हे ताबा घेणाऱ्याने ठरवायचे. अशा वेळी शहरातले डॉक्टर आणि नर्स सुटीच्या दिवशी पेटी घेऊन खेड्यांत जाऊ लागले. औषध संपते आणि आजार परत येतो, हे त्यांच्या लवकरच लक्षात आले. मग गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून शिकवणे सुरू झाले. पाणी, सांडपाणी, बाळंतपण, अपंगांची काळजी असा कामाचा विस्तार होत गेला. डिसेंबर 1987 मध्ये पहिला इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनी जनतेचा उठाव, पेटला, संचारबंद्या लागल्या, रस्ते अडले. त्या काळात प्रथमोपचार शिकलेली माणसे गल्लोगल्ली तयार होती, कारण समित्यांनी ती आधीच घडवली होती.

या समित्यांत दोषही होते. त्या डाव्या राजकीय गटांशी जोडलेल्या होत्या, प्रत्येक गटाची आपली समिती होती, आणि एकाच गावात दोन गटांचे दोन दवाखाने आणि शेजारच्या गावात एकही नाही, असेही होत असे. तरी एक गोष्ट त्यांच्याकडे होती. काम करणारा त्याच समाजातला होता. काम वाईट झाले तर त्याला ते रस्त्यात ऐकावे लागे. हिशेब मागणारा माणूस समोर उभा होता.

1993 च्या ओस्लो करारानंतर चित्र बदलले. 1994 मध्ये पॅलेस्टिनी प्राधिकरणाकडे आरोग्य खाते आले. परदेशी देणगीदारांचा बराच पैसा प्राधिकरणाकडे वळला, कितीतरी दवाखाने बंद झाले किंवा खात्याच्या हाती गेले. संस्थांना आपल्या मुठीत ठेवावे असे प्राधिकरणाला वाटत होते. संस्थांनी 1993 मध्येच आपले जाळे उभारले होते आणि त्यांनी ते होऊ दिले नाही. बऱ्याच ओढाताणीनंतर 2000 साली संस्थांसाठी कायदा झाला. याच वर्षांमध्ये दुसराही बदल होत होता, आणि मला तो जास्त गंभीर वाटतो. स्वयंसेवकांच्या समित्यांची पगारी कार्यालये झाली. प्रस्ताव, मूल्यमापन, सल्लागार, इंग्रजीतले अहवाल. सारी हनाफी आणि लिंडा ताबर या अभ्यासकांनी 2005 च्या आपल्या पुस्तकात या नव्या संस्थाचालक वर्गाचे विवेचन केले आहे. इस्लाह जाद यांनी पॅलेस्टिनी स्त्रियांच्या चळवळीबद्दल हेच दाखवले आहे: चळवळीची संस्था झाली की प्रश्न गावातून येण्याऐवजी निधीच्या जाहिरातीतून येऊ लागतात. प्रकल्प तीन वर्षांचा असतो, मधुमेह मात्र माणूस जिवंत असेपर्यंत राहतो. तीन वर्षांनी देणगीदाराचा रस दुसऱ्या विषयात गेला की गोळी बंद.

माझे म्हणणे इथे सुरू होते. संस्था देशी की परदेशी पैशावर चालते, धार्मिक आहे की डावी, मोठी की लहान, हे प्रश्न दुय्यम आहेत. ती हिशेब कोणाला देते, यावर तिचे मोल ठरते. देणगीदाराला दिलेला हिशेब कितीही चोख असला तरी ज्याच्या अंगावर सुई टोचली जाते त्याला तो कळत नसेल, तर ते काम दान आहे. दानात वाईट काही नाही. जैनथला सापडलेला परमार जगद्देवाच्या काळातला शिलालेख दानाचीच नोंद आहे. लोलार्काची पत्नी पद्मावती हिने निंबादित्याचे देऊळ बांधवले, असे तो सांगतो. आठ-नऊशे वर्षांनंतरही दात्याचे नाव दगडात आहे, आणि ते असावे. पण आरोग्याला ही रीत चालणार नाही, कारण दान घेणारा तक्रार करू शकत नाही. उशीर का झाला, औषध मुदत संपलेले का, बाई डॉक्टर का नाही, हे त्याने विचारायचे कोणत्या तोंडाने?

तक्रार करण्याचा हक्क कसा तयार होतो, याचे मला सर्वांत आवडते उदाहरण जैनथपासून फार दूर नाही. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला 1969 मध्ये महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. आदिलाबादकडचे कितीतरी रुग्ण आजही तिकडे जातात. तिथल्या डॉ. उल्हास जाजू यांनी आसपासच्या खेड्यांसाठी आरोग्यविम्याची एक योजना चालवली. हप्ता पैशात नव्हता, जवारीत होता. सुगी झाली की घरोघरची जवारी गोळा करायची, ज्याच्याकडे वावर जास्त त्याने जास्त द्यायची, भूमिहीनाने थोडी. गावातली बहुसंख्य कुटुंबे आली तरच गाव योजनेत. अचानक आलेल्या आजारात दवाखान्यात उपचार मिळायचे, आधीपासून ठाऊक असलेल्या खर्चात काही वाटा द्यावा लागायचा. रुग्णालयाच्या एकूण खर्चापुढे ही जवारी किती होणार? पण ती दिलेला माणूस रुग्णालयाच्या दारात याचक म्हणून उभा राहत नाही. खाटेसाठी आवाज चढवण्याचा त्याला हक्क आहे, आणि हक्क आहे हे त्याला माहीत आहे. अशी योजना कागदावर लहान दिसते. पण संस्था आणि गाव यांच्यातला संबंध ती उलटा करते, म्हणून अनेक मोठ्या प्रकल्पांपेक्षा मी तिला वर मानतो.

जामखेडलाही हेच घडले होते, वेगळ्या वाटेने. आरोळे 1970 मध्ये तिथे गेले. लोकांनी आधी पाणी मागितले, अन्न मागितले. डॉक्टरांनी ते ऐकले. विहिरी, शेती, बायकांची मंडळे, अस्पृश्यतेचा प्रश्न, या सगळ्याला त्यांनी आरोग्याचे काम मानले. त्यांच्या ग्राम आरोग्यसेविकांत अनेक दलित बायका होत्या, अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. बाळंतपणाचे शास्त्र त्यांनी शिकून घेतले आणि त्याच गावात राहून वापरले. डॉक्टर उद्या निघून गेला तरी ज्ञान गावात राहील, अशी ती रचना होती.

आता एक आक्षेप घ्यायलाच हवा, कारण तो खरा आहे. संस्था इतके सगळे करू लागल्या तर सरकार मोकळे सुटते. निवडून दिलेले सरकार जबाबदारी टाळते आणि कोणीही निवडून न दिलेली संस्था ती उचलते. पॅलेस्टाईनमध्ये सुरुवातीला स्वतःचे सरकारच नव्हते, तिथे दुसरा मार्ग नव्हता. आपल्याकडे सरकार आहे. आदिलाबादला 2008 पासून रिम्स हे वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत, उटनूरला आदिवासी विकास यंत्रणा आहे. मग संस्थेने नेमके काय करावे?

गडचिरोलीचे उत्तर मला पटते. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोन गावांचा अभ्यास छापला. तपासलेल्या स्त्रियांपैकी 92 टक्क्यांना स्त्रीरोग असल्याचे त्यात दिसले. कुटुंबनियोजनापलीकडे बाईच्या शरीराकडे न पाहणाऱ्या सरकारी आरोग्यसेवेला ती मोठी चपराक होती. पुढे 1993 ते 1998 या काळात त्यांनी 39 गावांत आरोग्यदूत बायकांकडून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेऊन दाखवली, आणि नवजात मृत्युदर सुमारे 62 टक्क्यांनी खाली आला. ती 39 गावे कायम सांभाळत बसणे हा त्यांचा उद्देश नव्हता. हे होऊ शकते याचा पुरावा त्यांनी सरकारपुढे ठेवला. 2011 पासून तीच पद्धत देशभरातल्या आशाताईंच्या कामात आली, जैनथच्या आशाताईंच्याही. दुसरीकडे 2001 मध्ये अनेक संस्थांनी मिळून 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला. महाराष्ट्रात किती बालके मरतात आणि सरकारदप्तरी किती नोंदली जातात, यातले अंतर त्याने उघड केले, आणि सरकारला बालमृत्यूंसाठी समिती नेमावी लागली. नवे ज्ञान करून देणे आणि खोटे आकडे उघडे पाडणे, ही दोन कामे सरकार स्वतःसाठी करत नाही. संस्थांनी ती करावीत. ओपीडी चालवणे हे सरकारचे काम आहे आणि त्याच्याकडून ते करवून घेतले पाहिजे.

सरकारने मात्र या देण्यातला अर्धाच भाग उचलला. गावातल्या बाईला आरोग्याचे काम देण्याची कल्पना घेतली, त्या कामाचे वेतन मागेच ठेवले. 2005 च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेली आशा आजही नियमित कर्मचारी नाही. दर कामामागे मोबदला आणि वर मानधन. वेतनासाठी महाराष्ट्र आणि तेलंगणा या दोन्ही राज्यांतल्या आशाताईंना वेळोवेळी संपावर जावे लागले. ज्या संस्था आशा योजनेचे श्रेय सांगतात, त्यांनी या वेतनाच्या लढ्यातही उभे राहायला हवे होते. बहुतेक राहिल्या नाहीत.

जैनथच्या भागात प्रश्नाला आणखी एक पदर आहे, तो सीमेचा. 1956 मध्ये भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा आदिलाबादचे किनवट आणि राजुरा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात गेले, बाकीचा जिल्हा आंध्रात आणि 2014 मध्ये तेलंगणात. नाती मात्र दोन्हीकडे राहिली. मराठी बोलणारा म्हातारा तेलुगू बोलणाऱ्या डॉक्टरापुढे बसतो तेव्हा छातीत नेमके काय होते आहे, हे सांगणारा दुभाषी त्याला घरूनच न्यावा लागतो. कोलाम बाईची अडचण तर दुप्पट. कोणत्या राज्याचे कार्ड कोणत्या दवाखान्यात चालेल, हे आधी विचारावे लागते. जिवती तालुक्याच्या वादग्रस्त गावांत दोन्ही राज्यांची शिधापत्रिका आहे. तिथल्या लोकांना विचारा, दोन सरकारे म्हणजे दोन दवाखाने होतात का.

भाषेचा हा धडा या जिल्ह्याने पूर्वीच शिकवलेला आहे. 1940 मध्ये जोडेघाटला निजामाविरुद्ध लढणारे गोंड नेते कोमरम भीम मारले गेले, त्यानंतर निजाम सरकारला गोंडांच्या दुःखाचे कारण शोधावेसे वाटले आणि हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला बोलावले गेले. 1943 मध्ये मारलवाईला गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले आणि गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली, कारण मराठी या भागात अनेकांना जवळची होती. इथे अधिकारी म्हणून काम केलेले सेतुमाधवराव पगडी गोंडी शिकले, आणि 1949 मध्ये त्यांनी आदिलाबादच्या गोंडांवर पुस्तक लिहिले. सरकारी माणूस रुग्णाच्या भाषेत बोलू शकतो, फक्त त्याला तसे करावेसे वाटले पाहिजे. ते घडण्याआधी एका माणसाला गोळी खावी लागली, ही या जिल्ह्याची लाज आहे.

शेतीतल्या आजारांकडेही असेच पाहावे लागेल. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर मेले. डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी, मिसळलेली दोन-तीन औषधे, अंगावर फाटका सदरा, तोंडाला रुमाल. पेनगंगेच्या अलीकडेही तीच पऱ्हाटी, तीच औषधे, तोच रुमाल. आरोग्यशिबिरात या माणसाचा रक्तदाब मोजतात आणि त्याला जाऊ देतात. पंप चालवून आलेल्या माणसाच्या डोळ्यांची आग आणि हातांचा कंप पाहून कोणते औषध, कोणत्या दुकानातले, कोणी फवारायला लावले, हे लिहून ठेवणारी माणसे गावोगाव असतील तर तो आरोग्याचा आणि विकासाचा एकच कागद होईल. पॅलेस्टाईनच्या समित्यांनी पाणी आणि सांडपाणीही आरोग्याचे काम मानले, त्यामागचा विचार हाच.

असे प्रश्न विचारणारी संस्था कोणत्याही सत्तेला नकोशी होते. ऑक्टोबर 2021 मध्ये इस्रायलने सहा पॅलेस्टिनी संस्थांना दहशतवादी ठरवले. त्यांत मानवी हक्कांचे काम करणारी 'अल-हक' होती, तशी शेतकऱ्यांबरोबर काम करणारी कृषिकार्य समित्यांची संघटनाही होती. पुढच्या जुलैत नऊ युरोपीय देशांनी सांगितले की, धोरण बदलावे असा पुरावा त्यांना मिळालेला नाही. भारतातली परिस्थिती तशी नाही, आणि दोन्ही एका मापाने मोजू नयेत. तरी 2020 मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलून एका संस्थेने दुसरीला निधी देण्यावर बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 20 टक्क्यांवर आली, तेव्हा सर्वांत आधी अडचणीत आल्या त्या मोठ्या संस्थांच्या आधाराने चालणाऱ्या खेड्यातल्या लहान संस्था. जागा भरायला कंपन्यांचा सामाजिक निधी आला. कायदाच कंपनीला आपल्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगतो, म्हणजे कारखाना जिथे पैसा तिथे. जिथे फक्त कापूस आहे तिथे काय? आणि कंपनीच्या पैशावर चालणारी संस्था कीटकनाशकाच्या दुकानदाराचे नाव लिहील का?

गाझाबद्दल लिहिताना हात जड होतो. तिथे डॉ. इयाद सर्राज यांनी 1990 मध्ये मनोआरोग्याचे काम सुरू केले होते, युद्धाच्या सावलीत वाढणाऱ्या मुलांसाठी. जबालियातले 'अल-अवदा' हे संस्थेने चालवलेले रुग्णालय 2023 नंतर वेढे आणि हल्ले सोसत राहिले. तिथे काम करणारे अस्थिशल्यविशारद डॉ. अदनान अल-बुर्श यांना डिसेंबर 2023 मध्ये पकडून नेले, आणि एप्रिल 2024 मध्ये इस्रायली कोठडीत त्यांचा मृत्यू झाला. ऑगस्ट 2024 मध्ये गाझात पंचवीस वर्षांनी पोलिओचा रुग्ण सापडला. पुढच्याच महिन्यात, तंबूंत राहणाऱ्या विस्थापितांमध्ये, दहा वर्षांखालच्या साडेपाच लाखांहून अधिक मुलांना डोस दिले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था, आरोग्य खाते आणि स्थानिक संस्था यांनी मिळून हे केले. कोणत्या तंबूत कोणाचे मूल आहे हे माहीत असलेली माणसे तिथे होती, म्हणून ते होऊ शकले.

पण या चिवटपणाचे कौतुक करून थांबणे मला क्रूरपणाचे वाटते. गाझात किरणोपचाराची सोय युद्धाआधीही नव्हती. कर्करोगाच्या रुग्णाला पूर्व जेरुसलेमच्या ऑगस्टा व्हिक्टोरिया रुग्णालयात जायला इस्रायलचा परवाना लागायचा, आणि तो वेळेवर मिळेलच असे नव्हते. कोणतीही संस्था, कितीही निष्ठावान असली तरी, परवान्याची जागा घेऊ शकत नाही, पाण्याची नाही, विजेचीही नाही. जैनथचा रुग्ण डोल्लाऱ्याच्या पुलावरून पेनगंगा ओलांडतो तेव्हा त्याला कोणी अडवत नाही. त्याच्यापुढे पैशाची, भाषेची आणि कागदाची अडचण असते. या तिन्ही अडचणी सोडवणे आपल्या हातात आहे, आणि म्हणून त्या न सोडवण्याला आपल्यापाशी काही सबब उरत नाही.

जैनथ भागातल्या वाचकांना माझे एवढेच मागणे आहे. यापुढे कोणतीही संस्था गावात आली तर तिचे स्वागत करा, चहा द्या, आणि तिला ग्रामसभेत बोलवा. किती पैसा आला, कोणाकडून आला, कशावर खर्च झाला, हे तिने मराठीत आणि तेलुगूत वाचून दाखवावे, गुड्यात गेली तर गोंडीत किंवा कोलामीत. आज सुरू केलेली गोळी पुढच्या वर्षी कोण देणार, हे लिहून द्यावे. गावातल्या कोणत्या दोन बायकांना काय शिकवून जाणार, त्यांची नावे सांगावीत. आणि ज्या दिवशी संस्थेला हे विचाराल, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरलाही त्याच सभेत बोलवा आणि त्यालाही हेच विचारा.